इनामाची किटली

माझा नातू फोनवर कसले तरी पॉइंट जमवतो. दूध घेतलं, साबण घेतला, गाडीत पेट्रोल भरलं की फोनमध्ये पॉइंट पडतात, आणि पुरेसे पडले की घरी फुकटची वस्तू येते. परवा त्याला असाच एक कप आला. खोक्यातून काढून माझ्या डोळ्यांपुढे नाचवत म्हणाला, आजी, फुकट. मी म्हटलं, आमच्याकडेही एकदा अशीच फुकटची वस्तू आली होती, तिच्यापायी माझ्या आत्याचा हात मोडला. तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी गंमत करते. मला त्या हसण्याचा रागच आला, म्हणून हे लिहायला घेतलं.

आमचं गाव पिंगळी स्टेशनापासून पायी जाण्याएवढं. वारा त्या बाजूचा असला की गाडीची शिट्टी थेट चुलीपाशी ऐकू यायची आणि त्या शिट्टीवर माय तुरीची डाळ शिजायला टाकायची. घरात आम्ही चौघंच. माझे वडील, ज्यांना सारं गाव आबा म्हणे; माय; आबांची धाकटी बहीण सुंदराआत्या; आणि मी. शेत बरं होतं, दावणीला बैल होते, ज्वारीची कणगी रिकामी पडलेली मला आठवत नाही. सकाळी भाकरी आणि ठेचा, रात्री भाकरी आणि वरण, अंबाडी निघाली की अंबाडी. खायला कमी नव्हतं. मारही कमी नव्हता. आबांचा हात बोलण्याच्या आधी चालायचा. भाकरी करपली, मार. बैलाला पेंड उशिरा, मार. त्यांच्यासमोर शिंकले म्हणून मी मार खाल्लेला आहे. चापटीचा आवाज, चऱ्हाटाचा आवाज, लाथेनं कलंडलेल्या घागरीचा आवाज मला डोळे मिटून वेगवेगळे ओळखता यायचे, आणि मार कोणाला पडतोय तेही कळायचं, कारण माय अगदी गप्प राहायची आणि आत्या दातओठ खात हुंकारायची. आजकाल कोणी म्हणतं, जुनी माणसं वरून कडक होती पण आतून प्रेमळ. आमचे आबा आतूनही कडकच होते.

आत्याला नवऱ्यानं टाकलेलं. अंगावरच्या लुगड्यानिशी ती परत आली आणि त्या घरात मोलकरणीपेक्षा खाली राहिली, कारण मोलकरीण संध्याकाळी आपल्या घरी तरी जाते. जेवायची थाळी मायची, पांघरायची वाकळ मायची, पाणी प्यायचा पितळी गडवा आजोबांच्या वेळचा. माझं म्हणून बोट ठेवावं असं तिचं काही नव्हतं. भावाला ती दादा म्हणायची आणि तुमी म्हणायची. चऱ्हाटाचा तडाखा पाठीवर बसतानासुद्धा तिच्या तोंडून ‘दादा, तुमी नका मारू’ असंच यायचं.

आमच्याकडे चहा आला तो मानवतच्या बाजारातून. एका चहा कंपनीचा माणूस बैलगाडीवर भलं मोठं पातेलं घेऊन बाजारात यायचा. गाडीच्या एका अंगाला भोंग्याचं गाणं लावलेलं, दुसऱ्या अंगाला चूल. येईल त्याला फुकट चहा, मातीच्या कुल्हडात. पहिल्या बाजारी आबांनी तो थुंकून टाकला, दुसऱ्या बाजारी प्यायले, आणि तिसऱ्या बाजारी पुडा विकत घेऊन घरी आले. पुढे त्यांना त्याचं असं व्यसन लागलं की उठल्याबरोबर ‘च्या टाक’, शेतातून आले की ‘च्या टाक’, आमच्यापैकी कोणाला मारून हात दुखला की पुन्हा ‘च्या टाक’. बायांनी चहा पिऊ नये, अंगात उष्णता होते, असं त्यांनीच ठरवलेलं. त्यांचा पिऊन झाला की गाळणीच्या फडक्यातला चोथा माय मडक्यात टाकायची, वर गुळाचा खडा, आणि दुपारी आबा शेतावर गेल्यावर तो पुन्हा उकळून आम्ही तिघी प्यायचो. कडू आणि मचूळ लागायचा. मला तो फार आवडायचा.

पुड्यावर लाल तुऱ्याच्या कोंबड्याचं चित्र असे. चहावाला भोंगा थांबवून ओरडायचा की हा कोंबडा फाडून फेकू नका, जमवा. एवढे एवढे कोंबडे दिले की कंपनी किटली देणार, निळी, विलायती, झाकणाची. त्याच्याकडे एक नमुन्याची किटली होती, ती तो काठीला अडकवून उंच धरायचा. तो मुंबईकडचा. एरवी बोलताना तो तिला बक्षीस म्हणायचा, पण आमच्याकडच्या बाजारात उर्दूचा वचक म्हणून ओरडायचा, इनाम, इनाम. आत्यानं तो शब्द तिथंच उचलला. परतीच्या वाटेवर मी बक्षीस म्हटलं तर तिनं मला टपली मारली. बक्षीस तर सणाला दारात आलेल्या हलगीवाल्याला देतात, म्हणाली, आपल्याला इनाम मिळणार.

आमच्या भागात इनाम या शब्दाचं वजन काय होतं ते सांगायला पाहिजे. इनाम म्हणजे जमीन. देवळाच्या पुजाऱ्याची, दर्ग्याच्या खादिमाची, पूर्वी कधी तरी सरकारच्या कामी आलेल्याची. निजामाच्या राज्यात इनाम एकाच दारातून यायचं, सरकारच्या, आणि ते सरकारचं काही काम केल्याशिवाय येत नसे. आत्याला हे ठाऊक होतं. म्हणून तर तो शब्द उच्चारताना तिची मान ताठ व्हायची.

ती कोंबडे जमवू लागली. आमच्या घरच्या पुड्यांनी काही होईना, म्हणून पाटलांच्या सुनेकडे मागायला गेली. सुनेनं दिले, पण पाटलांनी ते चावडीवर हसत आबांना ऐकवलं की तुमची बहीण आमच्या घरचा कचरा मागत फिरते. आबा घरी आले ते चप्पलही न काढता. आत्या पाटा धूत होती. त्यांनी तिला केसांना धरून उठवलं, चुलीपर्यंत फरपटत नेलं, फळीवरचा कोंबड्यांचा गठ्ठा उचलून जाळात टाकला. मग चऱ्हाट घेतलं. पण आत्यानं त्या दिवशी तुमी नका मारू म्हटलं नाही. तिनं सरळ चुलीत हात घातला. पाठीवर चऱ्हाट पडत होतं आणि ही जाळातून एकेक कोंबडा काढून लुगड्यानं विझवत होती. कातडी जळाल्याचा वास मला आला. आबा थकल्यावर थांबले. अर्धे कागद वाचले होते, आणि आत्याच्या उजव्या तळव्याची कातडी पुढे कायमची आखडली. गावाच्या हिशेबी तो कागदांचा खेळ त्या दिवशी चुलीतच संपला.

आत्याच्या हिशेबी संपला नव्हता. वाचलेले कोंबडे उतरंडीच्या तळच्या मडक्यात गेले आणि बाकीचे राणूनं आणले. राणू शेजारच्या सोपानकाकांचा एकुलता एक. मिसरूडही नीट फुटलं नव्हतं, स्टेशनावरच्या हॉटेलात कपबशा विसळायचा. हॉटेलात पुडे रोज फुटत. राणू कोंबडे टोपीत दडवून आणायचा आणि आमच्या परसातल्या गोवरीखाली ठेवायचा. बदल्यात आत्या त्याला शेंगदाण्याची चटणी लावून गरम भाकरी द्यायची. एक कोंबडा त्यानं स्वतःसाठी ठेवून आपल्या घराच्या दाराला आतून चिकटवला होता. पुरेसे झाल्यावर स्टेशनावर उतरलेल्या चहावाल्याला गाठून त्यानंच तो गठ्ठा दिला, आत्याचं नाव लिहून घ्यायला लावलं. दोन महिन्यांत येईल, असं चहावाला म्हणाला.

दोन महिन्यांत गडबड आली. खाकी घातलेल्या, बंदुका आणि भाले घेतलेल्या टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. सरकारचा त्यांच्या पाठीवर हात होता. बाजार मोडले, गाड्या कधी येत कधी येत नसत, चहावाला दिसेनासा झाला. पाटलांचं घर सुनेसकट हैदराबादेला निघून गेलं. चारठाणा गावाकडून आलेली माणसं जळालेल्या गंजींच्या, ओढून नेलेल्या बायांच्या गोष्टी सांगत आणि माय मला आत घ्यायची. आबांचा चहा बंद झाला होता, त्यामुळे आमचा मार वाढला. राणू एका रात्रीत गायब झाला. सरहद्दीपलीकडे लढणाऱ्या पोरांचे कॅम्प होते, तो तिकडे गेला असं सोपानकाकांनी मायच्या कानात सांगितलं.

वर्ष लोटल्यावर तो परत आला, दाढी वाढलेला, कसला तरी निरोप घेऊन. आमच्या शेतातल्या कडब्याच्या गंजीत पोकळी करून लपला. हे सोपानकाकांच्या घराला ठाऊक होतं आणि आत्याला, कारण गवत आणायच्या निमित्तानं पदरात भाकरी बांधून तीच नेत होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी खाकीवाले आले. इकडे तिकडे न बघता थेट त्याच गंजीकडे गेले. भाले खुपसले. राणू मांडीतून भाला घेऊनच बाहेर आला. त्याला मारुतीच्या पारापर्यंत ओढत आणलं, गावाला जमवलं, आणि गोळी घातली. एका गोळीत तो मेला नाही. दुसरी घालायच्या आधी त्यांनी त्याला लाथा मारल्या. मायनं माझे डोळे झाकले होते, पण बोटांच्या फटीतून मला दिसत होतं. सोपानकाकांना दोन माणसांनी धरून ठेवलं होतं. त्यांच्या तोंडातून आवाज निघत नव्हता, तोंड नुसतं उघडंच राहिलं होतं.

कोणी सांगितलं, हे आजपर्यंत कळलेलं नाही. पण गावात त्या दिवसापासून दुसरा विषय नव्हता.

अशात डाकवाला आला. महिन्यातून कधी तरी फिरकणारा म्हातारा, बहिरा, म्हणून स्वतः मोठ्यानं बोलणारा. पाराजवळूनच त्यानं हाक दिली, "सुंदराबाई, इनाम आया तुम्हारा. ठेसन पे पेटी है." पारावर राणूच्या रक्ताचा डाग अजून पुसला नव्हता. आत्या आणि मी तेव्हा आडावर होतो. पाणी शेंदणाऱ्या बायांनी ते ऐकलं आणि कसलं इनाम म्हणून विचारलं. आत्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. राणू गेल्यापासून ती जेवली नव्हती, आणि आता त्यानं मिळवून दिलेली वस्तू आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "इनाम आलंय मला," म्हणाली. "लय दिवस गोळा करून दिलं न, त्याचं." एवढं बोलून घागर तिथंच ठेवून ती स्टेशनाच्या वाटेला लागली. आडावरचे रहाट थांबले. मी लहान होते तरी ती शांतता मला खटकली, पण मी आत्यामागे पळाले.

किटली म्हटली असती तर. कोंबडा म्हटलं असतं तर. बक्षीस म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी पुष्कळदा हा शब्द तोंडात घोळवून पाहिला आहे, आणि दर वेळी मला वाटतं, तिनं तेच म्हणायला हवं होतं जे तिनं म्हटलं. जन्मात एकदा तिच्या वाट्याला मानाचा शब्द आला होता.

लाकडी पेटी डोक्यावर घेऊन ती गावात आली तेव्हा वाटेवरच्या एकाही माणसानं तिला काही विचारलं नाही. घरी पेटी देवळीखाली ठेवली. अंघोळ करून, पेटीला हळदकुंकू लावून उघडायची असं तिनं ठरवलं. ती न्हाणीत होती तेवढ्यात माणसं आली. भर दुपार होती. पुढे सोपानकाका, हातात बैलाच्या जुवाची लाकडी शिवळ, मागे निम्मं गाव, आडावरच्या बायासुद्धा. आबांनी दार लावून कडी घातली. बाहेरून कोणी तरी ओरडलं की सुंदराबाईला बाहेर काढा, नाही तर घर पेटवतो. आबांनी एकदा कणगीकडे पाहिलं, एकदा आढ्याकडे पाहिलं. न्हाणीतून ओल्या लुगड्यात आलेल्या आत्याला त्यांनी दंडाला धरलं, कडी काढली, आणि तिला बाहेर ढकलून दिलं.

"हिला इचारा काय इचारायचं ते," म्हणाले. "माझ्या घराला हात लावू नका." आणि आतून पुन्हा कडी घातली.

माझा बाप कसा होता हे मला कोणी विचारलं की मी ही कडी सांगते.

बाहेर काय झालं ते मी खिडकीच्या गजांतून पाहिलं. सोपानकाका ओरडत नव्हते. "माझं लेकरू तू किती एकर जमिनीला इकलंस ते सांग," एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते आणि दर वेळी शिवळ हाणत होते. आत्यानं अडवायला डावा हात वर केला, तो कोपराखाली मोडला. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. बायांनी तिला खाली पाडलं. एकीनं तिच्या कानातली, मायनं घालायला दिलेली बुगडी ओढली ती कानाच्या कडेसकट आली. आत्या काय सांगत होती ते कोणाला ऐकू येत नव्हतं. ती कोंबडा, कोंबडा म्हणत होती, आणि लोकांना वाटलं, हिला भ्रम झाला. कोणी तरी धोंडा उचलला.

तेव्हा माय उठली. जन्मभर मार खाताना तोंडातून ब्र न काढलेली माझी माय. तिनं कोपऱ्यातली कुऱ्हाड घेतली. आबा कडीपुढे उभे होते, ते कुऱ्हाड पाहून बाजूला झाले. तिनं कडी काढली, पेटी पायानं ढकलत उंबऱ्याबाहेर नेली आणि सगळ्यांच्या देखत तिच्यावर कुऱ्हाड घातली. एका घावात फळ्या उडाल्या. आतलं गवत बाहेर पडलं आणि गवतातून निळी किटली घरंगळत सोपानकाकांच्या पायाशी गेली. किटलीवर लाल तुऱ्याचा कोंबडा होता.

"हे इनाम," माय म्हणाली. "च्याच्या पुड्याचं. तुमच्या राणूनंच गोळा केलं होतं तिला."

सोपानकाकांनी खाली वाकून ती उचलली. कोंबड्यावरून अंगठा फिरवला. "हे तर आमच्या दाराला चिकटवलंय त्यानं," म्हणाले. मग जमिनीवर बसले आणि इतक्या दिवसांत न निघालेला आवाज त्यांच्या तोंडून निघाला. तो हंबरडा ऐकून ज्याच्या हातात धोंडा होता त्यानं तो हळूच खाली ठेवला. एकेक जण पाय ओढत निघून गेला. माफी कोणी मागितली नाही. बुगडीसुद्धा कोणी परत दिली नाही. सोपानकाका शेवटी उठले, किटली आत्याच्या मांडीवर ठेवली, आणि तिच्या मोडलेल्या हाताकडे बघवेना म्हणून तोंड फिरवून गेले.

मायनं आणि मी आत्याला उचलून ओसरीवर आणलं. मायनं हळद गरम करून बांधली, हाताला चिपाटाच्या पट्ट्या लावल्या. आत्या रडली नाही. ओल्या लुगड्यावर रक्ताचे ओघळ, आणि उजव्या हातात, त्या भाजून आखडलेल्या हातात, किटलीची मूठ घट्ट धरलेली. पेटीच्या गवतात कंपनीनं नमुन्याचा एक पुडाही ठेवला होता, तो मी उचलून आणला. एवढ्यात आबा बाहेर आले. कणगी शाबूत होती, आढं शाबूत होतं. मोठं ओझं उतरल्यासारखे ते ओसरीवर बसले, धोतराच्या सोग्यानं घाम पुसला, माझ्या हातातला पुडा पाहिला आणि म्हणाले, "बरं झालं, निभावलं. सुंदरे, च्या टाक."

आत्या उठली. दोन पावलं चालली. मला वाटलं, ही खरंच चुलीकडे चाललीय. आबांच्या समोर आल्यावर तिनं किटली खांद्यावरून मागे नेली आणि सगळ्या अंगाचा जोर लावून त्यांच्या टाळक्यात घातली.

आबा बसल्या जागी आडवे झाले. कपाळावरून रक्त डोळ्यात उतरलं. त्यांनी मारायला हात उचलला, आणि आत्या हललीच नाही. किटली पुन्हा खांद्यावर नेऊन तशीच उभी राहिली. मागे माय उभी होती. कुऱ्हाड तिनं अजून खाली ठेवली नव्हती. आबांचा हात बराच वेळ वर होता, मग तो कपाळाला गेला.

ती किटली आज माझ्या कपाटात आहे. बुडाजवळ मोठा पोचा आहे, तिथला निळा रंग उडून काळं लोखंड दिसतं. सून म्हणते, भंगारात देऊ. मी मेल्यावर द्या म्हणते. पोचा पडला तरी ती तेव्हाही गळली नाही, आताही गळत नाही.

कारण त्याच दुपारी तिच्यात चहा झाला. मायनं चूल पेटवली, आत्यानं एका हातानं सगळं केलं, आख्खा पुडा फोडून मूठभर पत्ती टाकली, दूध टाकलं. पहिल्या धारेचा चहा माझ्या कपात मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, तांबूस आणि दाट. आम्ही तिघी ओसरीवर पुरुषांच्या जागी बसून प्यायलो. आत्याचा ओठ फुटला होता, प्रत्येक घोटाला ती डोळे मिटायची. आबा खांबाला टेकून, कपाळाला सोगा दाबून बसले होते. वास त्यांच्यापर्यंत जात होता. बऱ्याच वेळानं, मी त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेल्या बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "मला हाय का?"

आत्यानं कप रिकामा केला. किटलीचं झाकण काढून आत पाहिलं.

"चोथा हाय," म्हणाली. "गूळ टाकून उकळून घे."